मोसंबीवर दिलेलं इंजेक्शन

आज कुर्ल्यात नॅलॉक्सोनचं, म्हणजे नशेचा डोस जास्त झाल्यावर जीव वाचवणाऱ्या औषधाचं, प्रशिक्षण होतं. सुई टोचायचा सराव मोसंबीवर. माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक मावशी होत्या. मुलगा गर्द घेतो. पहिल्यांदा त्यांचा हात इतका थरथरला की मोसंबी घरंगळून खाली गेली. पदराने पुसून त्यांनी ती परत उचलली. तिसऱ्या वेळी सुई सरळ आत.

गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा, डोस जास्त झाला की श्वास मंदावत जातो. ओठ निळे पडतात, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो. घरच्यांना वाटतं, झोपलाय. नॅलॉक्सोन मांडीत दिलं की काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि माणसाचा श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून आधी १०८ ला फोन, श्वास द्यायचा, कुशीवर वळवायचं आणि जवळून हलायचं नाही.

हे औषध सोबतच्या माणसांच्या हाती द्या, असं जागतिक आरोग्य संघटना २०१४ पासून सांगतेय. अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकातला स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो. आपल्याकडे चिठ्ठी लागते. रात्री दोन वाजता चाळीत चिठ्ठी कोण देणार? खरंच चीड येते. स्टेशनच्या पुलावर पडलेल्या पोराला ‘गर्दुल्ला’ म्हणून आपण ओलांडून जातो. मीही गेलेय.

निघताना मावशींनी विचारलं, “एक घरी ठेवायला मिळेल का हो, ताई?” मी त्यांचा नंबर घेतलाय. उद्या ओळखीच्या डॉक्टरांकडे त्यांना घेऊन जातेय.