स्टेला घर का सोडत नाही?

अमेरिकी नाटककार टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटकावर मी कुठेही बोलले, की नंतर कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, ‘अहो, पण स्टेला नवऱ्याला सोडून का जात नाही?’ ज्यांनी त्याचं मराठी रूप, तेंडुलकरांचं ‘वासनाचक्र’, वाचलंय, त्याही हेच विचारतात. आवाजात राग असतो. पूर्वी मलाही तिचा राग यायचा. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाटक १९४७चं, घडतं न्यू ऑर्लिन्समध्ये. स्टेला आणि ब्लांश या मिसिसिपीतल्या जमीनदार घराण्यातल्या बहिणी. स्टेलाने पोलिश वंशाच्या कामगाराशी, स्टॅन्लीशी, लग्न केलंय. पहिल्याच प्रवेशात तो रक्ताळलेल्या मटणाचं पुडकं तिच्याकडे भिरकावतो. ती आधी ओरडते, मग झेलते आणि धापा टाकत हसते. मला वाटतं, त्या हसण्यात त्यांचा अख्खा संसार दिसतो. खांबांच्या वाड्यात वाढलेल्या मुलीला हे हवं होतं. पुढे स्टॅन्ली स्वतःच म्हणतो, मी तुला त्या खांबांवरून खाली ओढलं आणि तुला ते आवडलं. ती नाही म्हणत नाही.

आणि परत जायचं तरी कुठे? बेल रीव्ह, तो माहेरचा वाडा, केव्हाच हातचा गेलाय. घरातल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या रंगेलपणापायी जमीन फुंकली. उरले ते कागदांचे गठ्ठे, ते बहिणीकडे राहायला आलेली ब्लांश स्टॅन्लीच्या हातात ठेवते.

पत्त्यांच्या डावाच्या रात्री दारू प्यायलेला स्टॅन्ली गरोदर स्टेलाला मारतो. ती वरच्या मजल्यावर शेजारणीकडे जाते आणि त्याने आकांताने हाका मारल्यावर खाली उतरून येते. दुसऱ्या दिवशी ब्लांश तिला पळून जायचे बेत ऐकवते. तेव्हा पैशांचा विषय निघतो. ब्लांशजवळ आहेत पासष्ट सेंट. स्टेलाला घरखर्चाला ठरावीक रक्कम मिळत नाही, बिलं स्टॅन्ली भरतो. रात्रीचं मिटवायला त्याने सकाळी दहा डॉलर दिलेत, त्यातले पाच ती बहिणीला देऊ करते. जमीनदारांच्या दोन लेकींची सगळी मिळकत एवढीच, तीही माराची भरपाई म्हणून आलेली. हा प्रवेश वाचताना मी दर वेळी इथे थांबते.

स्टेलाला स्टॅन्लीची जी ओढ आहे, तिला ब्लांश पाशवी म्हणते, शहरातल्या खडखडणाऱ्या ट्रामचं नाव त्या ओढीला देते: ‘डिझायर’, म्हणजे वासना. स्टेला विचारते, तू कधी बसली नाहीस त्या ट्राममध्ये? ब्लांश म्हणते, तिनेच मला इथे आणलं.

स्टेला बाळंतपणासाठी इस्पितळात असताना स्टॅन्ली ब्लांशवर बलात्कार करतो. स्टेला शेजारणीला सांगते, हिचं खरं मानलं तर मला स्टॅन्लीजवळ राहता येणार नाही. म्हणजे तिला कळलेलं आहे. ती बहिणीला वेड्यांच्या इस्पितळात पाठवते. हा अन्याय आहे, मी त्यावर पांघरूण घालणार नाही. पण वाडा बुडाला, हातात स्वतःचा पैसा नाही, कुशीत तान्हं मूल आणि त्या माणसाची ओढ अजून शाबूत: या सगळ्यासकट तिच्याकडे बघा, एवढंच माझं म्हणणं आहे.

१९५१च्या सिनेमात ती बाळ घेऊन निघते, मी परत जाणार नाही म्हणते. सेन्सॉरला स्टॅन्लीला शिक्षा झालेली हवी होती. नाटकात तशी सोय नाही. फिक्या निळ्या दुपट्यातलं बाळ कवटाळून ती हमसून हमसून रडते, स्टॅन्ली गुडघे टेकून तिच्या ब्लाउजमध्ये बोटं घालतो आणि आत पत्त्यांचा पुढचा डाव मांडला जातो.