पट्टीवरचं नाव सोडा, नळ्या उलट्या करा

जुनी फ्रेंच दुनळी बंदूक हातात आली की लोक आधी काय करतात, तर दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर कोरलेलं नाव वाचतात आणि मोबाईलवर शोधायला बसतात. तासभर शोधून हाती काही लागत नाही, कारण ते नाव बऱ्याचदा बनवणाऱ्याचं नसतंच, विकणाऱ्याचं असतं. फ्रान्समध्ये पूर्वी जरा मोठं गाव असलं की तिथे एक बंदूकवाला असायचाच, तो सेंत-एतियेन या फ्रान्समधल्या बंदुकांच्या शहरातून नाहीतर बेल्जियममधल्या लिएजहून तयार माल मागवायचा आणि पट्टीवर आपलं नाव, गावाचं नाव झोकात कोरून घ्यायचा. त्यामुळे पट्टीवरच्या नावाने फार तर कळतं की ही कुठे विकली गेली, कोणी घडवली ते नाही.

म्हणून माझी पद्धत सोपी आहे. आधी बंदूक उघडून दोन्ही चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा, रिकामे आहेत ना ते डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं, मग पुढचं लाकूड काढायचं, नळ्या उतरवायच्या आणि उलट्या करून उजेडात धरायच्या. अख्खी कुंडली तिथे मांडलेली असते. कोरीवकामातले ससे-तितर नंतर बघू.

चेंबरच्या खालच्या सपाट भागावर बारीक बारीक शिक्के असतात. एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या पामच्या दोन फांद्या आणि वर मुकुट दिसला की नळ्या सेंत-एतियेनच्या प्रूफ हाऊसमधून गेल्यात, म्हणजे तिथे जास्त दाबाचा बार भरून उडवून पास झाल्यात. मुकुटाखाली पी टी अशी अक्षरं असतील तर अजून बरं, ती पूद्र ते म्हणजे फ्रेंच बिनधुराच्या दारूसाठी केलेली चाचणी. आणि अंडाकृती चौकटीत ई एल जी अशी अक्षरं दिसली तर बाई बेल्जियमच्या आहेत, पट्टीवर कितीही फ्रेंच लिहिलेलं असू दे. लिएजवाल्यांचं एक बरं आहे, 1922 पासून ते वर्षासाठी एक अक्षर मारतात, तक्ता बघितला की साल कळतं. नळीवर कॉकरिल असं पोलादाचं नाव असलं तरी बोट बेल्जियमकडेच जातं, होल्त्झर असलं तर ते पोलाद सेंत-एतियेनजवळच्या उनियेचं.

आता आकडे. माझ्याकडची सोळा बोर आहे (बोर म्हणजे नळीच्या मापाचा आकडा, तो जितका मोठा तितकी नळी बारीक; फ्रेंच लोकांचं सोळा बोरवर जुनं प्रेम, बारा बोरपेक्षा हलकी आणि दिवसभर शेतातून चालणाऱ्याला तेवढी पुरते) आणि तिच्या खाली 16-65 आणि शेजारी 16.8 असं मारलंय. 16.8 म्हणजे नळीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये, चाचणी झाली त्या दिवशीचा. हा आकडा सोन्यासारखा आहे, कारण आज आतून मोजलं आणि 17.1 भरलं तर मधल्या काळात कोणीतरी गंज घालवायला आतून घासून काढलीय आणि नळीची भिंत तेवढी पातळ झालीय हे सरळ कळतं. बाहेरून चकाचक दिसणारी बंदूक इथेच पकडली जाते.

आणि 65. यावर जरा थांबतो, कारण खरी गडबड इथे होते. 65 ही चेंबरची लांबी, मिलिमीटरमध्ये. आजची सर्वसाधारण काडतुसं 70 ची. आता गंमत म्हणजे, गंमत कसली, धोकाच, 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये आरामात बसतं. का, तर काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतर तोंड उघडल्यावरची असते, उडण्याआधी ते दुमडलेलं असतं म्हणून आखूड असतं. बंदूक बंद होते, सगळं ठीक वाटतं, आणि बार उडाला की तोंड उघडायला जागाच नसते, ते पुढे निमुळत्या भागात घुसतं, छर्र्यांची वाट अरुंद होते आणि दाब चढतो. तेव्हा आत गेलं म्हणजे चालतं हा हिशोब इथे लावायचा नाही. काही बंदुकांचे चेंबर नंतर कोणीतरी वाढवलेले असतात, त्यामुळे शिक्क्यावरही आंधळा विश्वास नको, बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून गेज लावून मोजून घ्यायचं. 65 ची हलकी काडतुसं फ्रान्समध्ये आजही मिळतात, त्यामुळे रडायचं कारण नाही.

बाकी तपासणी पटकन सांगतो. नळ्या खालच्या हुकाला दोरी बांधून टांगा आणि नखाने टिचकी मारा, घंटेसारखा नाद आला पाहिजे, बद्द आवाज आला तर पट्टीचा डाक कुठेतरी सुटलाय. पुढचं लाकूड न लावता बंदूक जोडून हलवा, खुळखुळ नको. नळ्यांवर दमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या नळ्यांची, नागमोडी नक्षी असेल आणि बिनधुराच्या दारूचा शिक्का नसेल तर भिंतीवर लावा, उडवायचा हट्ट नको. आणि स्टीलचे छर्रे जुन्या पातळ नळ्यांत कधीच नाही. दलदलीत, तळ्याकाठी शिशाला बंदी आहे, तिथे न्यायचीच असेल तर बिस्मथ या मऊ धातूचे छर्रे, महाग पडतं पण नळी वाचते.

नावाशिवायही काही बंदुका लांबून ओळखू येतात. मान्युफ्रांसची इदेआल घ्या. एतियेन मिमार आणि पिएर ब्लाशों यांनी 1885 मध्ये सेंत-एतियेनमध्ये कंपनी उभी केली आणि बंदूक, सायकल, शिलाई मशीन सगळं कॅटलॉगवरून पोस्टाने विकलं. त्याच साली सुरू झालेलं त्यांचं ल शासर फ्रांसे हे शिकारीचं मासिक पुढे लग्नाच्या जाहिरातींसाठी जास्त प्रसिद्ध झालं, म्हणजे तितराची माहिती वाचता वाचता स्थळ बघायची सोय. तर इदेआल उघडायची किल्ली वर अंगठ्याखाली नसते, खाली चापाच्या कडीपाशी असते, हे एकदा बघितलं की विसरत नाही. त्यांच्याच रोब्युस्तमध्ये, साध्यासुध्या बंदुकीत, मला सगळ्यात आवडतो तो दस्त्यातला पट्टा. दस्त्याच्या पोटात चामडी पट्टा गुंडाळलेला असतो, फक्त टोक बाहेर, ते ओढायचं, नळीखालच्या कडीला अडकवायचं, बंदूक खांद्यावर. सोडलं की सर्रकन आत. कित्येक बंदुकांत ती स्प्रिंग अजून चालते आणि पाहुण्यांना बंदुकीपेक्षा तेच बघायचं असतं.

पण खरं वेड लावते ती दार्न, ही पण सेंत-एतियेनचीच. बाकी दुनळ्या उघडल्या की नळ्या खाली झुकतात, हिच्या नळ्या खाली पडतच नाहीत. मागे वर दोन छोटे कान असलेली किल्ली असते, ती अंगठ्या-बोटाने उचलून मागे ओढली की मागचा अख्खा ठोकळा कपाटाच्या खणासारखा सरळ सरकतो आणि जळलेली काडतुसं बरोबर घेऊन येतो. नवीन दोन टाकायची, ठोकळा पुढे, किल्ली खाली दाबली की खट्. ठोकळ्याच्या तोंडावर दोन गोल चकत्या असतात, त्या काडतुसाच्या कडेवर बरोबर बसतात. पहिल्यांदा हाताळणाऱ्याला ही मोडलीय की काय असं वाटतं, मग पाच मिनिटांनी तो ती परत द्यायला तयार नसतो. नुसती हलकी, खांद्याला लावली की आपोआप जागेवर. हालिफाक्स हे नाव दिसलं तर ती दार्नचीच स्वस्तातली बहीण, यंत्रणा तीच, नटवणं कमी. मी तर म्हणतो पहिली दार्न घ्यायची तर हालिफाक्सच घ्या.

भाव? बिननावाच्या साध्या दुनळ्या फ्रान्समध्ये दोन-तीनशे युरोत पडून असतात, कारण तरुण शिकाऱ्यांना एकावर एक नळीवाल्या हव्यात. मात्र कागद लागतात, शिकारीचा परवाना नाहीतर नेमबाजी क्लबचं लायसन्स, आणि नोंदणी.

उडवायची कुठे, तर बॉल-त्रापच्या, म्हणजे हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या टिपायच्या मैदानावर. सोळा बोरमध्ये 24-26 ग्रॅमची हलकी काडतुसं टाकतो, खांदाही सुखात आणि लाकूडही. जुना अक्रोडाचा दस्ता मनगटाशी तडकतो तो जड काडतुसांनीच. दोन चाप असतात, पुढचा उजव्या मोकळ्या नळीचा, मागचा डाव्या चोकवाल्या, म्हणजे तोंडाशी जरा अरुंद केलेल्या नळीचा, तबकडी जवळ असली की पुढचा, लांब गेली की बोट मागे. नव्या बंदुकांत यासाठी बटण सरकवावं लागतं आणि तोवर तबकडी गेलेली असते. दस्ता सरळ, इंग्लिश पद्धतीचा, म्हणून हात तेवढाच मागे घसरतो आणि बोट आपोआप दुसऱ्या चापावर पोचतं. माझ्या बंदुकीला इजेक्टर नाही, काडतुसं नुसती वर येतात आणि बोटाने काढावी लागतात, क्लबातले लोक त्यावर हसतात, पण सगळं आटोपल्यावर गवतात वाकून रिकामी काडतुसं तेच वेचत बसतात, माझी खिशात असतात.