पोरं म्हणजे काय कास्टिंग आहेत?

"सर, तुम्ही फाउंड्रीतनं आलात. तिथली क्वालिटी कॉलेजात कशी चालंल? पोरगं म्हणजे काय बिडाचं कास्टिंग हाय काय?" अ‍ॅडमिशनच्या वेळी येळ्ळूरच्या एका पालकांनी मला हे विचारलं होतं. (फाउंड्रीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाळूच्या साच्यात ओततात; त्यातनं निघणारा भाग म्हणजे कास्टिंग.) तेव्हापासून हाच प्रश्न नवे प्राध्यापक विचारतात, बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातले जुने सोबती चहाला भेटले की विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहितो.

पोरगं कास्टिंग नाही. कास्टिंग आहे माझा तास. खोट शोधायची ती त्या तासात.

उद्यमबागेत मी नऊ वर्षं क्वालिटीत होतो. आपल्याकडं खानापूरच्या बाजूनं पाऊस एकदा लागला की जुलैभर थांबत नाही, आणि त्या दिवसांत ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगच्या आतल्या पोकळ्या, वाढायचे. वाळूत ओल साधारण ३ ते ४ टक्के लागते. जास्त झाली की तापलेलं बीड आत जाताना वाफ होते, ती अडकते आणि पोकळी राहते. गंमत अशी, की ही पोकळी वरून दिसत नाही. माल रंगवून गाडीत चढतो, गिऱ्हाईक मशीनवर घेतं, दोन मिलिमीटर कातलं की भोक उघडं पडतं. आम्ही शेवटच्या टेबलावर माणसं वाढवली. रिजेक्शन पकडलं जाऊ लागलं, कमी मात्र झालं नाही.

ते कमी केलं आमच्या साच्यावरच्या मामांनी. सकाळी पहिल्या घाण्यातली वाळू मुठीत घ्यायची, दाबायची, मूठ उघडून गोळा मधोमध मोडायचा. मोड कसा पडतो, कडा टिकतात की ढासळतात, हाताला किती चिकटतं, हे बघून ते सांगायचे, "आज पाणी कमी घाला." तपासणी शेवटाकडून सुरुवातीला आली, बस्स. गुणवत्तेचे अमेरिकन तज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग १९५० मध्ये जपानी कारखानदारांना शिकवायला गेले, त्यांच्याही सांगण्याचा गाभा हाच होता: शेवटच्या तपासणीवर विसंबू नका, गुणवत्ता कामातच घाला.

आता कॉलेज बघा. सेमिस्टर संपतं, परीक्षा होते, निकाल लागतो, तोवर पोरगं पुढच्या सेमिस्टरला बसलेलं असतं. म्हणजे माझी सगळी तपासणी गाडी भरल्यावर. शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये अर्ध्याहून जास्त वर्ग पहिल्या चाचणीत आपटला. स्टाफरूममध्ये उत्तर तयार होतं: "बेसिक कच्चं आहे." मीही आधी तेच म्हटलं, आणि त्याची मला अजून खंत वाटते.

मग पेपर घेऊन बसलो. कप्पी, दोरी आणि दोन वजनांचा एक सोपा प्रश्न होता. खूप जणांनी तो कोराच सोडलेला. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतनं आलेल्या एका पोराला बोलावून विचारलं, का सोडलास? मान खाली घालून म्हणाला, "सर, त्यात लाइट स्ट्रिंग होतं. मला वाटलं लाइटची वायर. आपल्याला तो भाग झाला नाही असं वाटलं."

'लाइट' म्हणजे वजन धरायचं नाही इतकी हलकी, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. 'स्मूथ' म्हणजे नुसतं गुळगुळीत नव्हे, घर्षण शून्य धरायचं, हेही नाही. मराठी सांगून त्याला तो प्रश्न दिला, तर त्यानं माझ्यासमोर पाच मिनिटांत सोडवला. बैलहोंगलच्या कन्नड शाळेतल्या मुलीची अडचण शब्दाशब्दानं तीच निघाली. बेसिक कच्चं नव्हतं. वाळूत ओल होती, आणि ती मी बघितली नव्हती.

पुढच्या वर्षी पहिल्याच तासाला चाळीस शब्दांचा कागद वाटला: इंग्रजी, मराठी, कन्नड. कोऱ्या उत्तरांचं प्रमाण खूप खाली आलं. घर्षणाची दिशा मात्र चुकतच राहिली, म्हणजे त्याचं कारण वेगळं होतं, पुन्हा शोधावं लागलं. योजना, कृती, अभ्यास, बदल हे चक्र म्हणतात ते एवढंच. तिसऱ्या पायरीला बरेच जण 'तपासणी' म्हणतात. डेमिंग स्वतः पुढं 'अभ्यास' म्हणायचे. शिक्षकाला तो शब्द जास्त जवळचा वाटावा.

माझंही चुकलं. तासाच्या शेवटी अर्ध्या कागदावर 'आज काय कळलं नाही' लिहून घ्यायला लागलो, पण वर रोल नंबर घालायला लावला. महिनाभर सगळ्यांनी 'सगळं कळलं' लिहिलं. नंबर काढला, त्या दिवशी खरं यायला लागलं. भीती असेल तिथं आकडे खोटे येतात, मग कारखाना असो की वर्ग.

आणि नॅकचं, एनबीएचं, म्हणजे कॉलेजांचा आणि अभ्यासक्रमांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थांचं काय, असंही विचारता. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांच्या देशांत मानायच्या कराराचा, कायम सदस्य झाला, तेव्हापासून एनबीएच्या मान्यतेला वजन आलं. एनबीएची ही मान्यता कॉलेजला नसते, एकेका अभ्यासक्रमाला असते. 'विद्यार्थ्याला शेवटी काय करता आलं पाहिजे' तिथून उलटं मागं यायचं, ही त्यामागची कल्पना मला मनापासून पटते. पण समिती यायच्या आधी पंधरा दिवस रात्री जागून तीन वर्षांचे तक्ते एकदम भरलेले मी पाहिलेत. त्यात तरुण प्राध्यापकांचा जीव जातो आणि वर्गातलं एक पोरगंही शहाणं होत नाही. निकाल पडला की शिक्षक बदल, पुन्हा पडला की पुन्हा बदल, हेही तसंच. प्रत्येक नगानंतर मशीनची सेटिंग हलवणाऱ्या ऑपरेटरचा माल जास्तच इकडंतिकडं होतो, हे उद्यमबागेतला कुठलाही सुपरवायझर सांगेल.

ते अर्धे कागद मी अजून घेतो. गेल्या आठवड्यात एकावर होतं, "मोमेंट कळला सर. पण डावीकडचा फळा तुम्ही लवकर पुसता, उतरून घ्यायचा राहतो." दुसऱ्या दिवशी डावी बाजू तास संपेपर्यंत तशीच ठेवली. शेवटच्या बाकावरची तिघं घंटा झाल्यावरही लिहीत होती.