जीपीडी पॉकेटवर साधं डेबियन: माझा अनुभव

जीपीडी पॉकेट हा सात इंची लॅपटॉप शेन्झेनच्या जीपीडी कंपनीनं २०१७ साली इंडीगोगो या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे जमवून काढला. वजन अर्ध्या किलोच्या आत, इंटेलचा अ‍ॅटम एक्स७-झेड८७५० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १२८ जीबीची ईएमएमसी, म्हणजे आतली साठवण. मी एसटीनं गावोगाव फिरून लोकांच्या मुलाखती टिपून घेते. पर्समध्ये मावणारा आणि खऱ्या कळा असलेला दुसरा संगणक मला आजवर परवडलेला नाही. पण विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही. धडधाकट यंत्र केवळ तेवढ्यासाठी भंगारात काढायला माझं मन तयार होईना. म्हणून लिनक्स, विंडोजऐवजी चालणारी मुक्त प्रणाली.

लिनक्सचे प्रकार अनेक, त्यांतला कुठला, हा प्रश्न महत्त्वाचा होता. हे यंत्र नवं असताना त्याच्यासाठी खास बनवलेल्या इमेजेस, म्हणजे प्रणाली बसवायच्या तयार फाइली, मिळायच्या. उबुंटू माटे या लिनक्सच्या प्रकारानंही एक काढली होती. त्या लावल्या की सगळं पहिल्या फटक्यात चालायचं. पण खास इमेज कुणीतरी हौसेनं सांभाळत असतो आणि त्याची हौस किंवा सवड संपली की आपण जुन्या कर्नलवर, म्हणजे प्रणालीच्या जुन्या गाभ्यावर, अडकून पडतो. मला डेबियन या लिनक्सच्या १३व्या आवृत्तीची तीच फाइल हवी होती जी कुठल्याही डेस्कटॉपवर चालते. यंत्राला लागणारं सगळं मुख्य कर्नलमध्येच असलं, तर पुढची कित्येक वर्षं अपडेट आपोआप येत राहतात. पॉकेटच्या बाबतीत ते आहे आणि त्यातला फार मोठा वाटा तेव्हा रेड हॅट या लिनक्स कंपनीत असलेल्या हान्स द गूदे यांचा.

त्यांच्या कामातला एक तपशील मला इतका आवडला, की तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पॉकेटचा पडदा मुळात उभा आहे, १२०० बाय १९२०, म्हणजे टॅब्लेटचा. कारखान्यात तो आडवा बसवला आहे. त्यामुळे कुठल्याही प्रणालीला कुणी सांगितलं नाही, तर चित्र नव्वद अंशांनी कलंडलेलं दिसतं. कर्नलनं ते आपणहून फिरवायचं, तर आधी यंत्र ओळखता यायला हवं. इथंच खरी अडचण होती. प्रत्येक संगणक बायोसमधून, म्हणजे चालू होताच पहिल्यांदा धावणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, आपलं नाव-गाव सांगतो. पॉकेटच्या बायोसमध्ये मात्र उत्पादनाच्या नावाच्या जागी नुसतं ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ लिहिलेलं आहे, तेच मदरबोर्डच्या नावाच्या जागी. मग द गूदे यांनी खुणा जुळवल्या: बोर्ड बनवणाऱ्याचं नाव ‘एएमआय कॉर्पोरेशन’, दोन्ही नावं ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’, पडद्याची मापं वर दिली तशी, आणि बायोसची तारीख ठरावीक तारखांपैकी एक. एवढं सगळं जुळलं, तरच पडदा फिरवायचा. विंडोज पुसण्याआधी मी सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये जाऊन माझ्या बायोसची तारीख पाहिली: ७ ऑगस्ट २०१७. ती कर्नलच्या यादीत आहे. मग निर्धास्तपणे पेनड्राइव्ह तयार केला.

या यंत्राला यूएसबीची दोनच दारं, एक साधं आणि एक यूएसबी-सी. चार्जर सी-मध्ये आणि पेनड्राइव्ह दुसऱ्यात, म्हणजे हब लागत नाही. सुरू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये गेले आणि शेवटच्या पानावरून पेनड्राइव्ह निवडला. ग्रबचा, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, मेनू कलंडलेला येतो. ग्रबला पडदा फिरवता येत नाही, त्यामुळे तिथं मान वाकडी करूनच वाचायचं.

डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आहे आणि मला तो मराठीतूनच वापरायचा होता. पण मराठी फक्त ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मिळते, कारण साध्या टेक्स्ट पडद्यावर जोडाक्षरं नीट उमटत नाहीत. आणि पॉकेटवर नेमका ग्राफिकल इन्स्टॉलरच कलंडतो: पडदा फिरवण्याची कर्नलची सूचना टेक्स्ट कन्सोल मानतो, ग्राफिकल इन्स्टॉलर मानत नाही. मी यंत्र पुस्तकासारखं उभं धरून पहिली काही पानं वाचली. भाषांतर सरळ आणि समजणारं आहे, ज्यांनी ते केलं त्यांचे आभार. पण डिस्कची विभागणी करताना कळफलक कुशीवर ठेवून बाण दाबणं मला धोक्याचं वाटलं. परत जाऊन मेनूतलं साधं ‘इन्स्टॉल’ निवडलं आणि इंग्रजी घेतली. अक्षरं सुलटी, उभी. जे काम चुकलं तर डेटा जातो, ते सरळ दिसणाऱ्या पडद्यावरच करावं.

वाय-फायची मला सर्वांत जास्त धास्ती होती. यात ब्रॉडकॉमची बीसीएम ४३५६ चिप आहे. तिला फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, तर लागतंच, शिवाय या यंत्रातल्या अँटेना-जुळणीची माहिती देणारी वेगळी छोटी फाइलही लागते. पूर्वी डेबियनच्या अधिकृत इमेजमध्ये असं मुक्त नसलेलं फर्मवेअर नसायचं. २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ते धोरण बदललं आणि जून २०२३मधल्या डेबियन १२पासून फर्मवेअर इमेजमध्येच येतं. पॉकेटची छोटी फाइलसुद्धा त्याच संचात आहे. इन्स्टॉलरनं वाय-फायची नावं दाखवली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्या मतदानाच्या वेळी बरीच तात्त्विक वादावादी झाली होती आणि विरोध करणाऱ्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. पण ज्या यंत्राला नेटवर्क केबलचं छिद्रच नाही, त्याच्या मालकिणीला कोणत्या बाजूनं मत द्यावंसं वाटेल, हे उघड आहे.

डिस्कच्या यादीत गोंधळू नका. आतली ईएमएमसी तिथं ‘एमएमसी/एसडी कार्ड’ या नावानं दिसते. पॉकेटला कार्डाची खाच नाहीच, तेव्हा ती नोंद म्हणजेच आतली डिस्क. मी संपूर्ण डिस्क एन्क्रिप्टेड एलव्हीएमखाली घेतली, म्हणजे पासवर्डाशिवाय आतलं काही वाचता येत नाही. हातात मावणारं यंत्र हातून हरवूही शकतं आणि माझ्या मुलाखतींत लोकांनी विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी असतात. प्रोसेसरमध्ये एन्क्रिप्शनसाठीच्या एईएस सूचना आहेत, त्यामुळे वेगात फरक जाणवत नाही.

बाकीचे प्रश्न नेहमीचेच. डेस्कटॉप म्हणून ग्नोम घेतलं.

पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा पासवर्डची चौकट सरळ, लॉगिन सरळ, टचस्क्रीनही बोट ठेवलं तिथंच उमटणारी. यासाठी मी एकही फाइल बदलली नाही. फक्त ग्रबचा मेनू लपवून टाकला, म्हणजे कलंडलेलं काही दिसायलाच नको. काळ्या कन्सोलवरची अक्षरं बारीक वाटली, म्हणून कन्सोल-सेटअप पुन्हा चालवून टर्मिनस फॉन्टचा १६ बाय ३२ आकार निवडला.

सात इंचांत १९२० बाय १२०० म्हणजे इंचाला सव्वातीनशेच्या आसपास ठिपके. १०० टक्क्यांवर काही वाचता येत नाही. २०० टक्क्यांवर सगळं ठसठशीत दिसतं, पण खिडक्यांना जागा उरते फक्त ९६० बाय ६००ची आणि काही सेटिंग्जची बटणं पडद्याखाली जातात. मी २०० ठेवून ट्वीक्स या अ‍ॅपमध्ये मजकुराचा आकार ०.८ केला. माझ्या चष्म्याला हे जमतं.

मराठी टायपिंगसाठी मात्र बसून विचार करावा लागला. ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ हे पॅकेज टाकलं की मराठीसाठी लागणारी बरीचशी सामग्री एकत्र येते. माझी सवय इन्स्क्रिप्ट या भारतीय कळफलक-मांडणीची. इन्स्क्रिप्टमध्ये च अर्धविरामाच्या कळेवर, ट अवतरणचिन्हाच्या, ड चौकोनी कंसाच्या आणि य तिरक्या रेघेच्या कळेवर असतो. पॉकेटच्या कळफलकावर नेमक्या या विरामचिन्हांच्याच कळांची हलवाहलव झाली आहे, काही आखूडही आहेत. ‘चटकन’ लिहायला बोट चाचपडत फिरायचं. शेवटी आयबस-एम१७एन हे टायपिंगचं पॅकेज घेऊन उच्चारानुसार चालणारी पद्धत लावली. त्यात सगळी कामाची अक्षरं पूर्ण आकाराच्या कळांवर राहतात. घरच्या मोठ्या कळफलकावर मी अजून इन्स्क्रिप्टच वापरते. दोन्ही पद्धती सुपर आणि स्पेस दाबून बदलता येतात.

पंख्याबद्दल एक सांगते, कारण मीही त्यावरून काळजीत पडले होते. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. तापमान ५५, ६० आणि ६५ अंशांच्या पुढे गेलं, की तो एकेक पायरी वाढतो. पण चार्जर लावलेला असताना यंत्र थंड असलं तरी पंखा फिरत राहतो, ते मुद्दाम तसंच ठेवलेलं आहे. हा बिघाड नव्हे. या यंत्राचं धातूचं अंग लवकर तापतं, म्हणून मी त्या मर्यादांना हात लावलेला नाही.

त्यानंतर नेहमीच्या सुरक्षा अपडेटमधून नवं कर्नल आलं. रीस्टार्ट केल्यावर पडदा सरळ, वाय-फाय जोडलेलं, पंखा जागेवर. कुठली इमेज शोधायची नाही, कुणाला विचारायचं नाही. साध्या डेबियनचा हट्ट मी याच दिवसासाठी धरला होता.

राहता राहिली झोप. या प्रोसेसरला जुन्या लॅपटॉपसारखी गाढ झोप, म्हणजे एस३, नाही; एस२आयडल ही हलकी झोप तेवढी आहे. झाकण मिटून रात्रभर ठेवलं, तर सकाळी बॅटरी बरीच उतरलेली असते. दिवसा दोन मुलाखतींच्या मध्ये मी नुसतं झाकण मिटते, मुक्कामाला पोचले की सरळ बंद करते.