लागते ती तंद्री

"आई, अंधारात काय करतेस?" असं म्हणत मुलाने दिवा लावला, तेव्हा मला कळलं की अंधार झालाय.

दुपारी 3 वाजता बसले होते. काम तसं कुणाला हेवा वाटावा असं नाही. पुस्तकाच्या शेवटी जी शब्दसूची असते, ती मी करते. पानं वाचायची, नावं आणि विषय टिपायचे, त्यांच्यापुढे पृष्ठक्रमांक घालायचे. एकच माणूस तीन ठिकाणी तीन नावांनी आला असेल तर त्याला एका नोंदीखाली आणायचं आणि उरलेल्या दोन ठिकाणी 'पाहा' लिहून वाचकाला तिकडे धाडायचं. सूची कोणी कौतुकाने वाचत नाही. चुकली, तर मात्र लगेच सापडते. अशा कामात परवा मी चांगली 4 तास नाहीशी झाले होते. दिवा लागला आणि सगळं एकदम परत आलं. पायाला मुंग्या, आखडलेली मान, कोरडा पडलेला घसा. इतका वेळ ही मंडळी बहुतेक दाराबाहेर रांग लावून उभी होती.

याला आपण तंद्री म्हणतो. संस्कृतात तंद्रा म्हणजे गुंगी, पेंग, झालंच तर आळससुद्धा. म्हणजे माणूस जेव्हा सगळ्यात जास्त जागा असतो, त्या अवस्थेला आपण डुलकीचं नाव देऊन ठेवलंय. नाव ठेवणारा नक्कीच बाहेरून बघत असणार. हाका मारतोय, उत्तर येत नाही, म्हणजे झोपलीच असणार! 'तल्लीन' म्हटलं की कौतुक होतं, 'समाधी' म्हटलं की हात जोडावेसे वाटतात, आणि 'कुठल्या तंद्रीत आहेस?' असं कानावर आलं की समोरचा चिडलाय हे ओळखायचं. अवस्था तीच. शब्द कोणता वाट्याला येणार, हे बघणाऱ्याचं काम आपल्यावाचून अडलंय की नाही त्यावर ठरतं.

पण मला खरी गंमत वाटते ती क्रियापदाची. तंद्री लागते. झोप लागते, भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते, तशीच. 'मी तंद्री केली' हे वाक्यच होत नाही. तंद्री 'मला' लागते. 'मी' कर्तेपणाची खुर्ची सोडून 'मला' होऊन बाजूला बसले, की मगच. व्याकरणाने इतकं सरळ सांगून ठेवलेलं असताना मी ती 'लावण्याच्या' खटाटोपात किती वर्षं घालवली असतील, त्याची मोजदाद नाही.

काय काय नाही केलं! टेबल आवरलं. ते इतकं छान आवरलं गेलं की कामाला हात लावून ते विस्कटावंसं वाटेना. पेन्सिलींना टोकं काढली, मी लिहिते संगणकावर तरी. कानात पावसाचा आवाज लावला, तर दर पाच मिनिटांनी खिडकीबाहेर बघून घ्यायचे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि तो तिथे नीट आहे ना हे बघायला तीनदा जाऊन आले. मग ते टोमॅटोचं घड्याळ. 1980च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने अभ्यासात मन लागत नाही म्हणून स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ समोर ठेवलं, त्यातून ही पद्धत निघाली. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी. नाव पोमोदोरो, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटोच. नावडतं काम सुरू करायला, नुसतं बूड टेकवायला, ही पद्धत झकास आहे, त्यात वाद नाही. पण माझी गाडी मुळात रुळावर येते विसाव्या मिनिटाला, आणि पंचविसाव्याला टोमॅटो किंचाळतो. नुकतं झोपलेलं मूल झोपलंय ना हे बघायला पाळणा हलवावा, तसलं काहीतरी.

या सगळ्याचा अभ्यास आयुष्यभर केला तो मिहाय चिकसेंटमिहाई या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी. (हे आडनाव न अडखळता उच्चारणं हाच एकाग्रतेचा एक बरा व्यायाम आहे.) 1960च्या दशकात शिकागोत ते तरुण चित्रकारांचं निरीक्षण करत होते. चित्र रंगत असताना या मुलांना भुकेची, थकव्याची शुद्ध नसायची. यात नवल नाही. नवल पुढेच आहे. चित्र पुरं झालं की त्यांचा त्यातला रस संपायचा. ते भिंतीला टेकवून पुढच्या कॅनव्हासकडे वळायचे. म्हणजे ओढ चित्राची नव्हतीच, चित्र काढण्याची होती. पुढे त्यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद अशा पुष्कळांना बोलतं केलं. आपण प्रवाहात वाहत असल्यासारखं वाटतं, असं त्यातले बरेच जण आपणहून म्हणाले. 'फ्लो' हा शब्द तिथून आला.

या वाहण्यासाठी काय जुळून यावं लागतं, तेही त्यांनी सांगितलंय. आत्ता, या क्षणी, काय करायचंय ते स्पष्ट हवं. केलेलं बरोबर की चूक हे लगेच कळायला हवं. आणि काम आपल्या कुवतीच्या जरा काठावरचं हवं. फार सोपं झालं की आपण पाट्या टाकतो, फार अवघड झालं की धाबं दणाणतं. मधल्या पट्ट्यात कुठेतरी प्रवाह असतो. आता हे सूचीला लावून बघा. नोंद जागेवर बसली की बसली. 'हा तोच का मागच्या प्रकरणातला?' असा प्रश्न पडतो आणि दोन मिनिटांत उत्तर मिळतं. उगाच नाही 4 तास जात. उलट 'लेख लिहा, विषय तुमच्या आवडीचा' म्हटलं की मी पुन्हा पेन्सिलींना टोकं काढायला घेते.

त्यांची मोजण्याची रीत तर फारच आवडली मला. लोकांच्या कमरेला पेजर द्यायचा. तो दिवसातून सात-आठ वेळा, कधीही, वाजायचा. वाजला की लगेच एका वहीत लिहायचं की आत्ता काय करतोय आणि कसं वाटतंय. तंद्री लागते का हे पाहण्यासाठी ती मोडायची! पण त्यातून निघालं ते विलक्षण होतं. 1989मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका पाहणीत नोकरी करणाऱ्यांना असे रंगलेले क्षण फावल्या वेळापेक्षा कामात जास्त मिळत होते. आणि तरीही काम करताना ते म्हणत होते की आत्ता दुसरं काहीतरी करत असतो तर बरं झालं असतं. मला हे वाचून कुणीतरी रंगेहाथ पकडल्यासारखं झालं. सोमवारी कुरकुरत बसणारी आणि संध्याकाळी अंधार झालेला न कळणारी बाई एकच असते.

तंद्रीची एक खोड मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. तिला कामाचं मोल कळत नाही. एकदा एक मोठी सूची द्यायची होती, हातात 2 दिवस. मी नोंदींना रंग द्यायला घेतले, नुसते मला दिसायला सोपं जावं म्हणून. व्यक्ती निळ्या, गावं हिरवी, ग्रंथ तपकिरी. इथपर्यंत ठीक. मग वाटलं, दिवंगत व्यक्तींचा निळा थोडा फिका असावा. मग कोण कधी गेलं ते शोधत बसले. काय सुरेख दुपार होती ती! एकही क्षण अडखळले नाही. प्रकाशकाला साधी काळी-पांढरी फाइल हवी होती, त्यामुळे संध्याकाळी तो सगळा रंगोत्सव एका आज्ञेत पुसला आणि ती रात्र जागून काढली. जागून काढलेल्या रात्री तंद्री फिरकलीही नाही.

आणि ती मोडते किती क्षुल्लक गोष्टीने! ग्लोरिया मार्क नावाच्या संशोधक कचेऱ्यांमध्ये माणसांच्या मागे अक्षरशः घड्याळ घेऊन फिरल्या. एकदा काम तुटलं की त्याच कामावर परत यायला सरासरी 20 मिनिटांहून जास्त लागतात, मध्ये दुसरी दोनेक कामं उरकलेली असतात, असं त्यांना दिसलं. शिवाय तोडणारा दरवेळी दुसरा कोणी नसतो. बरेचदा आपणच उठतो. माझा सगळ्यात मोठा व्यत्यय म्हणजे 'आज काय मस्त लागलीय' हा विचार. तो आला की संपलं. झोप लागत असताना 'लागली बरं का' असं मनात आलं की डोळे टक्क उघडतात, तसंच. म्हणूनच तंद्रीचा आनंद मला कधी तंद्रीत असताना झालेला आठवत नाही. तो नंतर येतो, मुंग्या आलेले पाय झटकताना. आत असताना आनंद घ्यायला घरी कोणी नसतंच. आर्ने डीट्रिच या मेंदूसंशोधकांनी असं मांडलंय की अशा वेळी मेंदूच्या पुढच्या भागातलं, स्वतःवर नजर ठेवणारं काम तात्पुरतं मंदावत असावं. हा त्यांचा तर्क आहे, पण माझ्यापुरता तो मी मान्य करून टाकलाय. आपल्या कामावर सतत खांद्यावरून डोकावणारी ती बाई थोडा वेळ बाहेर जाते, एवढं नक्की.

तर परवा दिवा लागल्यावर मी उठले, पाय झटकले. कात्री हवी होती. मुलगा गॅलरीत सायकलची चेन काढून बसला होता. समोर वर्तमानपत्रावर कड्या मांडलेल्या, कोपरापर्यंत वंगण, जुन्या टूथब्रशने तो एकेक कडी घासत होता. जीभ दातांच्या फटीतून थोडी बाहेर आली होती, अगदी लहान असताना अक्षरं गिरवायचा तेव्हासारखी. मी दारात उभी राहिले. आत्ता पाच मिनिटांपूर्वी आपली मोडली म्हणून मनातल्या मनात त्याच्यावर वैतागले होते, ते सगळं ताजं होतं. परत फिरावं, कात्री आपणच शोधावी, हेही कळत होतं.

"अरे, कात्री कुठंय?"

उत्तर नाही.

"तुला विचारतेय मी. कात्री!"

"हं?"

"कुठल्या तंद्रीत आहेस रे?"

त्याने मान वर केली. हातातली कडी कुठून उचलली होती ते आता त्याला आठवेना.