तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या बायका क्लबात टिकत का नाहीत?

शेजारच्या तालुक्यातल्या इनरव्हीलच्या, म्हणजे रोटरीशी नातं असलेल्या आमच्या बायकांच्या क्लबाच्या, अध्यक्षा भेटल्या की हमखास विचारतात, "ताई, तुमच्याकडे नव्या मुली टिकतात कशा? आमच्याकडे जुलैत उत्साहाने येतात आणि पुढच्या वर्षीच्या फीचं नाव काढलं की फोन उचलत नाहीत."

येण्याचं मला फारसं कौतुक नाही. नव्या अध्यक्षांच्या पदग्रहणाला मैत्रिणीला घेऊन या म्हटलं की चार जणी येतातच, जेवण चांगलं असतं. आणि त्या जूनमध्ये, क्लबाचं वर्ष संपताना, सोडून जात नाहीत हो, मनाने दिवाळीच्या आधीच गेलेल्या असतात. आपल्याला जूनमध्ये कळतं एवढंच.

१९२४ साली मँचेस्टरमध्ये मार्गारेट गोल्डिंगबाईंनी रोटेरियनांच्या, म्हणजे रोटरी क्लबाच्या सभासदांच्या, बायकांना एकत्र आणलं, तिथून इनरव्हील सुरू झालं. पुढे कित्येक दशकं सभासद व्हायचं तर घरात रोटेरियन लागायचा. नवरा रोटरीत म्हणून बाई इनरव्हीलमध्ये, तिला वेगळं विचारायचं कशाला? १९८९ मध्ये रोटरीनेच बायकांना दार उघडलं, पुढे आमच्याकडेही नात्याची अट सैल झाली. आता येते ती आपल्या मर्जीने, नोकरी सांभाळून. आमची मीटिंग मात्र कालपरवापर्यंत दुपारी चारला! ती आम्ही साडेसहावर नेली, तेव्हा ज्येष्ठ मंडळींनी मालिका चुकतात म्हणून कुरकूर केली.

पैशांचंही तसंच. फी सांगतात, पण थीमची साडी, डिस्ट्रिक्ट चेअरमन (आमच्या भागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुख) येणार म्हणून काढलेली वर्गणी, कॉन्फरन्सचं रजिस्ट्रेशन हे एकेक करून बाहेर येतं. आम्ही वर्षाचा अंदाज आधीच कागदावर लिहून देतो. तो बघून काही जणी नाही म्हणतात. म्हणू देत.

पण खरी गोष्ट कामाची आहे. नव्या बाईला आपण काय देतो? स्वागताचं गुलाबाचं फूल, मग ग्रुप फोटोत मागची रांग. आमच्याकडे बँकेतली एक मुलगी आली. दुसऱ्या शनिवारी तिला सुट्टी, शाळा मात्र सकाळची भरते, म्हणून मुलींच्या हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर त्याच दिवशी ठेवलं आणि नोंदवही तिच्या हातात दिली. बाराच्या खाली, म्हणजे रक्त कमी असलेल्या, कोण कोण, ते तिने वर्गवार काढलं. मग तिनेच विचारलं, "या मुलींची पुन्हा तपासणी कधी?" आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. आजवर शिबिर झालं, पेपरात फोटो आला, की विषय संपायचा. तिने तीन महिन्यांनी फेरतपासणी करायला लावली. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खरंच घेतात की दप्तरात टाकतात, तेही शाळेतल्या बाईंना विचारून आली. तिला टिकवायला मी वेगळं काही केलं नाही.

मात्र काम द्यायचं तर त्यातली सत्ताही द्यावी लागते, आणि तिथे माजी अध्यक्षांची फौज आडवी येते. "आमच्या वेळी" सुरू झालं की नवी गप्प बसते. त्यात सासू-सून एकाच क्लबात असल्या तर बघायलाच नको. अशाच एका सुनेला आम्ही मुद्दाम खजिनदार केलं. पहिल्याच महिन्यात तिने सासूबाईंचा चहापाण्याचा खर्च पावती नाही म्हणून अडवला. सासूबाई दोन मीटिंगा आल्या नाहीत, तिसरीला पावती घेऊन आल्या.