महालक्ष्म्या घेऊन चिकलठाण्यापर्यंत

चिकलठाणा, रात्रीचे पावणेदोन

झोप येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. साडेचारला उठायचंय. समोरच्या टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरून त्यावर स्टीलचा डबा ठेवलाय. डब्यात गव्हात रुतवलेले दोन पितळी मुखवटे आहेत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. परवा मूळ नक्षत्रावर त्यांच्यावर अक्षता पडल्या आणि काल रात्री आईनं डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, "पुढल्या साली तुझ्याकडं."

आमचं गाव पाथरी तालुक्यात, गोदेपासून अर्ध्या कोसावर. तिथून संभाजीनगरचा हा चिकलठाण्याचा विमानतळ जेमतेम दीड-पावणेदोनशे किलोमीटर. सकाळी दहाला निघालेली मी हॉटेलच्या दारात रात्री साडेबाराला पोचले. उद्या त्याहून कितीतरी लांबचं बंगळुरू मुंबईत विमान बदलूनही दुपारपर्यंत येईल.

पहिली अडवणूक गावच्या ओढ्यानंच केली. चार दिवस पाऊस उघडला नव्हता. पैठणला नाथसागराचे दरवाजे उचलले, त्यामुळं गोदावरी दोन्ही काठ भरून चालली होती. नदी अशी फुगली की ओढा तिच्यात रिकामा होत नाही, नदीचंच पाणी त्याच्यात मागं सरतं आणि ओढ्यावरच्या फरशी पुलावर चढतं. धरणाला २७ दरवाजे आहेत. त्यातले किती उघडले, हे गावात पोराटोरांना पाठ असतं. पैठणला सोडलेलं पाणी आपल्या शिवारात कधी येईल, याचा हिशेब म्हातारी माणसं बोटांवर सांगतात. धरणाचं लोकार्पण १९७६ सालचं. आई त्याच साली लग्न होऊन या गावात आली. तिच्या आयुष्यातले सगळे पूर त्या दरवाजांशी जोडलेले आहेत.

चुलतभावानं, दादानं, जीप ओढ्याच्या अलीकडं उभी केली. पलीकडं दूधवाले, शाळेचे मास्तर, दवाखान्यात निघालेलं एक जोडपं. कुणी पाण्यात उतरायचं नाही, असं गावानं ठरवूनच ठेवलंय. दोन वर्षांपूर्वी इथंच एक बैलजोडी गेली. एका आजोबांनी पाण्याच्या कडेला लिंबाची काडी रोवली आणि छत्री धरून तिच्याजवळ बसले. काडीपासून पाणी वीतभर मागं सरलं की जायचं. मला सारखं घड्याळ दिसत होतं. सेलूहून दुपारची गाडी धरायची, पाचच्या आत संभाजीनगर, संध्याकाळी हॉटेलात गरम पाण्यानं अंघोळ, असा सगळा बेत मांडलेला. दादाला म्हटलं, जीप उंच आहे, निघेल. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "बाई, तू एकटी हायेस का आज?"

काडीपासून पाणी वीतभर सरायला अडीच तास लागले. गाडी गेली होती.

सेलूच्या फलाटावर बसून पुढची गाडी धरली, तीही दोन तास उशिरा आली. हैदराबादहून मनमाडला जाणारी ही वाट निजामाच्या काळात, १९०० च्या सुमाराला सुरू झाली. माझ्या लहानपणी इथं मीटरगेज होतं, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आलं. परभणीच्या पलीकडं मुदखेडपर्यंत दोन रूळ झाले, पण सेलूहून जालन्याकडं अजून एकच. समोरून गाडी येत असली की आपण कुठल्यातरी लहान स्टेशनात बाजूला उभं राहायचं. एका गाडीचा उशीर दुसरीला लागतो, दुसरीचा तिसरीला. आज त्यात पावसाची भर पडली. भरावाला पाणी लागलंय म्हणून गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली आणि रांजणीला जी थांबली ती पावणेदोन तास.

त्या पावणेदोन तासांबद्दल मात्र माझी तक्रार नाही.

गाडीच्या डब्यात सगळ्या महालक्ष्म्या उरकून परतणाऱ्या बायका होत्या. प्रत्येकीजवळ गाठोडं, गाठोड्यात फुलोऱ्यातल्या करंज्या, पापड्या, कुणाच्या दंडाला हळदीनं पिवळा केलेला सोळा पदरी दोरा. मी स्टीलचा डबा मांडीवरून खाली ठेवत नाही, हे समोरच्या आजींच्या लक्षात आलं. परतूरला माहेर, जालन्याला लेकाकडं निघालेल्या.

"काय हाय माय त्याच्यात, सारखं धरून बसलीस?"

सांगितलं. आजींनी आधी डब्याला हात लावून नमस्कार केला, मग विचारलं, "सासूच्या का?"

"नाही. आईच्या."

गाडीचा डबा एकदम शांत झाला. मग एकीनं तोंड उघडलं आणि पुढं अर्धा तास कुणी थांबलंच नाही. लक्ष्म्या लेकीच्या घरी जात नसतात. सुनेच्याच हातात जायला पाहिजेत. सासरच्या देव्हाऱ्यात माहेरच्या लक्ष्म्या कशा मांडणार? नवऱ्याला चालतंय का? सासू काय म्हणाली? काल रात्री माझी चुलतकाकू हेच सगळं आईला म्हणाली होती. आईला मुलगा नाही, आम्ही दोघी बहिणीच. बाबा गेल्यावरही आठ वर्षं आईनं एकटीनं सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक आणि पन्नास पानं उठवली. आता तिचे गुडघे वाकत नाहीत. भाऊकीतल्या कुणाच्या घरी मुखवटे द्यायचे, यावर दोन वर्षं नुसती चर्चा चालली होती. आई काकूला म्हणाली, "माझ्या लेकीच्या घरी चूल नाही का?" तिचा आवाज थरथरत होता. तिच्या सगळ्या आयुष्यात मी तिला भाऊकीसमोर असं बोलताना ऐकलं नव्हतं.

गाडीतल्या बायकांना मी हे सगळं सांगून टाकलं. का, कुणास ठाऊक. ओळखीच्या माणसांपुढं जे बोलता येत नाही ते थांबलेल्या गाडीत बोलता येतं.

आजी बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "देव काय सातबारा हाय का, कुणाचं नाव लावायचं त्याच्यावर?"

खिडकीजवळची एक तरुण मुलगी पटकन म्हणाली, "आजी, सातबाऱ्यावरबी आता लेकीचं नाव लागतंय की."

लागतं, खरंच. महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क १९९४ सालीच दिला, देशभर तो २००५ ला आला. पण माझ्या दोन्ही आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या त्या त्यानंतरच. तहसीलच्या गावी जाऊन सह्या करायच्या, भावाकडून साडी घ्यायची आणि माहेर तुटू नये म्हणून हसत परत यायचं. धाकटी आत्या त्या दिवशी आमच्याकडं जेवली नव्हती, पोटात दुखतंय म्हणाली होती. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला ते खरंच पोटाचं दुखणं वाटलं होतं. आज रांजणीच्या स्टेशनात, खिडकीबाहेर पाण्याखाली गेलेलं सोयाबीन पाहताना, मला आत्याचं ते न जेवणं वीस-पंचवीस वर्षांनी कळलं. लिहिताना डोळे भरून येतायत.

आजींनी कमरेची पिशवी उघडली, कुंकवाचा करंडा काढला आणि डब्याच्या झाकणावर दोन बोटं उमटवली. ज्या बाईनं सर्वात जोरात विरोध केला होता, तिनंच मग मला मुखवटे बांधताना नथ कशी सैल ठेवायची ते सांगितलं, आणि शहरात मुखवटे बसवायच्या कोठ्या मिळत नसतील तर तांदळाच्या पिशव्या एकमेकींवर कशा रचायच्या तेही.

जालन्याला सव्वानऊ वाजले. फलाटावर कळलं की पुढच्या भरावाची पाहणी चालू आहे, गाडी कधी सुटेल ते सांगता येत नाही. आजींना हात देऊन उतरवलं आणि रिक्षानं बसस्टँड गाठलं. दहाची एसटी मिळाली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं बस बायकांनीच भरलेली असते. तरी कंडक्टरनं डबा पाहून मला पुढची एकाची जागा दिली. बदनापूर मागं पडलं, वाटलं आता पोचलो. करमाडच्या अलीकडं सळया भरलेला ट्रक घसरून आडवा झाला होता. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतून असा माल रात्रंदिवस या रस्त्यानं जातो. कुणाला लागलं नव्हतं, पण सळया रस्त्याभर पसरल्या होत्या. क्रेन येईपर्यंत तासभर गेला. माझा मोबाइल तिथंच बंद पडला.

अंधारात बसल्यावर नको ते आठवलं. २६ एप्रिल १९९३. चिकलठाण्याहून उडालेलं विमान धावपट्टीच्या टोकाशी, रस्त्यानं चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ११८ माणसं होती, ५५ गेली. आईनं विमान कधी जवळून पाहिलेलं नाही, पण कापसाच्या गाठी तिच्या रोजच्या ओळखीच्या. त्यामुळं विमान म्हटलं की तिला तो ट्रक आठवतो. मी नोकरीनिमित्त इतकी वर्षं येते-जाते, पण प्रत्येक वेळी ती विचारते, आता तिथं रस्त्यावर ट्रक थांबवतात का? मी "हो" म्हणते. फोन बंद झाल्यावर ती या क्षणी काय विचार करत असेल ते मला माहीत होतं. त्या तासाइतकं असहाय मला दिवसभरात कुठंच वाटलं नाही.

कंडक्टरनं विमानतळाच्या फाट्यावर उतरवलं. तिथून हॉटेलापर्यंत चालत, भुरभुर पावसात, एका हातानं बॅग ओढत आणि दुसऱ्या हातानं डबा छातीशी धरून. रस्त्याच्या कडेला खोदकाम, चिखल घोट्यापर्यंत. हॉटेलात पोचले तर काउंटरवर कळलं की रात्री अकरापर्यंत न आल्यामुळं माझी खोली दुसऱ्याला दिली. पैसे आधी भरलेले. मी नियम काय आहे ते विचारलं, चढ्या आवाजात विचारलं. उशीर होईल एवढं कळवायला फोन तरी चालू ठेवायचा होता, असं उत्तर आलं.

माझ्यात पुढं भांडायचं बळ नव्हतं. मी तिथल्या सोफ्यावर बसले आणि डबा मांडीवर घेतला. रात्रपाळीचा पोरगा अंबडकडचा निघाला. त्यानं झाकणावरची कुंकवाची बोटं पाहिली, विचारलं, आणि वरच्या मजल्यावरची ही खोली उघडून दिली. गिझर चालत नाही, म्हणून ती भाड्यानं देत नाहीत. स्वयंपाकघरातून पाणी तापवून बादली आणून दिली. टॉवेल मात्र त्यानं स्वतः निवडून आणला, न वापरलेला.

फोन चार्जिंगला लावला. आईचे सतरा मिसकॉल. पहिल्या रिंगला उचलला तिनं.

"पोचल्याव का?"

"पोचलो आई. तिघी."

मग ती काही बोललीच नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळानं म्हणाली, "पावलं काढलीस का?"

महालक्ष्म्या घरात आणताना उंबऱ्यापासून जागेपर्यंत कुंकवाची पावलं काढतात. घरातली बाई विचारते, लक्ष्मी आली, कशाच्या पावलानं? दुसरी सांगते, सोन्याच्या पावलानं, मोत्याच्या पावलानं. हॉटेलातल्या खोलीत कुंकू कुठलं? मी मागं वळून पाहिलं. दारापासून टेबलापर्यंत पांढऱ्या फरशीवर माझी अनवाणी, चिखलाची पावलं उमटली होती, बाहेरून आत येणारी. चपला मी दारातच काढल्या होत्या.

"उमटलीत," म्हटलं.

सकाळ, सहा वाजून पस्तीस

तीन तासही झोप झाली नाही, पण वेळेत पोचले. हॉटेलपासून पाच मिनिटंही लागली नाहीत. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, वीस मिनिटं हातात राहिली.

निघताना आठवलं की ओटीत खोबऱ्याची वाटी आहे. सुकं खोबरं विमानात नेता येत नाही. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं. मागच्या वर्षी एका बाईची ओटी तपासणीच्या टेबलावर सोडवलेली पाहिली होती, आणि ती वाटी टोपलीत पडताना तिचा चेहरा. हॉटेलात झाडायला आलेल्या मावशींना विचारलं, घ्याल का, आईच्या हातची ओटी आहे. त्यांनी झाडू बाजूला ठेवला, हात धुतले आणि पदर पसरला. त्यांच्या घरी यंदा महालक्ष्म्या मांडल्याच नाहीत, घरात पाणी शिरलं होतं. मग मी खोबऱ्याबरोबर ओटीतले गहू, खारका, हळकुंडही त्यांच्या पदरात घातलं. मावशींनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. खोलीतली चिखलाची पावलं तेव्हा त्या पुसणारच होत्या. मी पुसू नका असं म्हणाले नाही, पण खोली सोडताना त्यांच्याकडं पाहिलं.

तपासणीत डबा उघडायला लावला. गव्हात बोटं घालून पाहिलं, मुखवटे वर काढले, परत ठेवले. दोन मिनिटांचं काम.

आत्ता विमानात बसलेय. आईला शेवटचा फोन केला. तिला एकच काळजी होती.

"डबा पायाशी ठिवू नको बरं का."

"नाही आई. इथं डोक्यावर कप्पा असतो. तिथं ठेवलाय."

"डोक्यावर का?" तिनं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर आतल्या खोलीत कुणाला तरी, बहुतेक काकूलाच, मोठ्यानं सांगितलं, "डोक्यावर बसून चालल्यात."